हत्तीखडकामागची सभा

खाण खात्याचा मंत्री म्हणून मी दिल्लीत शपथ घेतली, त्या संध्याकाळी एका तरुण पत्रकारानं विचारलं, "साहेब, खाणींचा पूर्वी काही अनुभव?" मी म्हणालो, "आहे ना. ओरडायचा." सगळे खो खो हसले, आणि दुसऱ्या दिवशी नव्या मंत्र्यांची विनोदबुद्धी म्हणून ते चौकटीत छापून आलं. आता मंत्रिपदही गेलं आणि विनोदाला हसणारेही गेले, तेव्हा सांगून टाकतो की तो विनोद नव्हता. कोळशापासून तांब्यापर्यंत देशातलं काय काय ज्याच्या सहीनं जमिनीबाहेर यायचं, त्या माणसाची खाणीतली एकमेव पात्रता मोठा आवाज ही होती. परळीच्या वीजकेंद्रात कोळसा कमी पडला की आमच्याकडचे लोक थेट मलाच फोन लावायचे, जणू मी तो उशाखाली घेऊन झोपतो. त्यांनाही मी ओरडूनच उत्तर द्यायचो. पण ओरडणं ही काही जन्मजात देणगी नव्हे. ती मी कमावली, आणि जिथं कमावली ती जागा मांजरसुंब्याचा घाट चढायच्या अलीकडं आहे.

दुष्काळाचं ते दुसरं साल. आमची वस्ती गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावानं बोलणं तोडलं तेव्हा आजोबांनी तिथं खडकावरच झोपडी टाकली होती. पुढं दुष्काळ पडला आणि सरकारला रस्त्याच्या खडीसाठी नेमका तोच डोंगर सापडला. ज्या जागेकडं बघून गाव तोंड वाकडं करायचं, तिथं अख्खं गाव पाटी-घमेलं घेऊन कामाला यायला लागलं. माय दारात उभी राहून म्हणायची, "या बाई, या. वाट सापडली का आमच्या घराची?" आणि पाटलाच्या सुना पदर पुढं ओढून निघून जायच्या. मायचं तोंड असं होतं. दुष्काळानं सगळ्यांचं अंग वाळलं, मायच्या जिभेवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

घरात घड्याळ नव्हतं, त्याची गरजही नव्हती. उजाडायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची. सरकारनं दिलेली ती तांबडी मिलो दळताना जात्याचा सूरच बदलायचा, आणि माय म्हणायची की जात्यालासुद्धा ही ज्वारी गिळवत नाही. मग भाकरी थापल्याचा आवाज. मिलोची भाकरी तव्यावरच तडकायची, तिचे तुकडे हुलग्याच्या माडग्यात बुडवून खायचे, आणि माडगं नसेल तर तरवट्याचा उकडलेला पाला. मग डोंगरावर पहिला घण पडला की दिवस उगवला असं धरायचं. दिवसभर ठण्ण, ठण्ण, ठण्ण. तो आवाज थांबला की वस्तीतली तान्ही पोरं दचकून जागी व्हायची. कामावर मजुरांना सुकडी मिळायची, गोडसर भरड पीठ. सगळे ती जागेवर खायचे. मी शहाणा, संध्याकाळसाठी म्हणून खिशात भरून ठेवली आणि दुपारी निंबाखाली आडवा झालो. उठलो तो मुंग्यांनी. अंगातला सदरा, विजार सगळं फेकत मी वस्तीतून पळत सुटलो, आणि पुढं किती वर्षं मला बघितलं की बाया तोंडाला पदर लावायच्या. मी आमदार झालो, खासदार झालो, मंत्री झालो, पण आमच्या वस्तीत मी सुकडीवालाच.

बाबा सुरुंगवाले होते. खडकात पहारीनं भोकं पाडायची, त्यात जिलेटीनच्या कांड्या ठासायच्या, वात सोडायची, पेटवायची. निजामाच्या काळापासून त्यांनी दगड उडवले होते आणि त्या दगडांनी त्यांचे दोन्ही कान खाल्ले होते. घरात त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. "बाबा, पाणी" म्हटलेलं पलीकडच्या वाडीत ऐकू जायचं. माझा आवाज तसा तयार झाला. बाबांना म्हणे जगात दोनच आवाज यायचे, एक स्वतः उडवलेला बार आणि दुसरी माझी हाक.

मॅट्रिकला गणितानं मला घरी पाठवलं होतं, म्हणून मीही कामावर गेलो. घण हातात घेतला आणि पहिल्याच दिवशी स्वतःचा अंगठा फोडला. तो बरा झाल्यावर शेजारच्या धोंडूमामाचा. मग माय ओव्हरसियरसाहेबांपुढं उभी राहिली. ते सोलापूरकडचे, भला माणूस. माय म्हणाली, "साहेब, ह्या पोराच्या हातात लोखंड देऊ नका. ह्याला देवानं निस्तं तोंड दिलंय. तोंडाचं काम द्या." आणि मला हाक द्यायचं काम लागलं. माझ्या राजकीय कारकिर्दीची सुरुवात ही अशी झाली, शिफारशीनं.

काम असं. बाबांनी वात लावायच्या आधी मी उंच दगडावर उभं राहून पत्र्याचा डबा बडवायचा आणि ओरडायचं, "बार हाय रं बार!" हाक आली की हातातलं टाकून सगळ्यांनी हत्तीखडकामागं पळायचं. हत्तीखडक म्हणजे खाणीच्या बाजूला उभा असलेला एक दांडगा काळा दगड, त्याच्यामागं शंभर माणूस बसेल. खाणीच्या तोंडाशी खडक फोडून झालेला जो उभा गाळा होता, तिथं सावली असायची, गारवा असायचा, पण बारच्या वेळी तिथं जाणं म्हणजे मरण, कारण दगड सुटून तिथंच कोसळायचा. हे तान्ह्या पोरालाही माहीत होतं. मग बार उडायचा, बाबा जाऊन बघून यायचे, हात वर करायचे, आणि मी ओरडायचो, "मोकळं!" मी मोकळं म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. पाण्याच्या घागरी पाटलाच्या बायांच्या वेगळ्या आणि आमच्या वेगळ्या होत्या, पण हत्तीखडकामागं पाटलाची सून आणि माझी माय एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसायच्या. बारला शिवाशीव कळत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. ओव्हरसियरसाहेबांनीच एकदा मायला सांगितलं, की हे दुष्काळी काम उद्या बंद होईल, पण रस्ते होत राहतील, खडी लागत राहील. तुम्ही खडी फोडणाऱ्यांनी मिळून मजूर सहकारी संस्था काढा आणि डोंगर सरकारकडून मागून घ्या. मायनं ते मनावर घेतलं. वस्तीतली घरं, गावातले तेली, कोळी, ऊसतोडीला जाणारी चार मराठ्यांची घरं, सगळ्यांचे अंगठे घेतले आणि अर्ज बीडला गेला. तो बीडला पोचला आणि त्याची बातमी आमच्या आधी चेअरमनला पोचली. गावच्या सोसायटीचा चेअरमन तोच, दुधाचा तोच, होऊ घातलेल्या कारखान्याचाही तोच. त्यानं पंधरवड्यात स्वतःची मजूर संस्था उभी केली. सभासद कोण, तर भाचे, साडू, मेहुणे आणि मेहुण्यांचे मेहुणे. ह्यांतल्या एकानंही कधी नारळाखेरीज काही फोडलेलं नव्हतं. आणि बातमी आली की मुंबईहून मंत्रीसाहेब दुष्काळाची पाहणी करायला येणार, खाणीवरच सभा होणार, आणि डोंगराचा मंजुरीचा कागद मंत्र्यांच्या हातून चेअरमनच्या संस्थेला मिळणार. म्हणजे ज्या खडकावर आमची चूल होती, त्यावर आम्ही चेअरमनच्या साडूचे गडी होणार, नाही तर बिऱ्हाड उचलणार.

वस्तीत बैठक बसली. ठरलं की मंत्र्यांसमोर आपलं म्हणणं मांडायचं. मांडणार कोण? मी पुढं झालो. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एकटा, आणि आवाज असा. मी भाषण पाठ केलं. 'सन्माननीय मंत्रिमहोदय' पासून 'न्याय द्यावा' पर्यंत. रोज ओढ्यात जाऊन शेळ्यांपुढं म्हणायचो. शेळ्या शांतपणे ऐकायच्या. पुढं लोकसभेत बोलताना मला त्या शेळ्यांची फार आठवण यायची.

सभेच्या दिवशी खाणीपुढं मांडव घातला. स्टेजवर चेअरमनच्या घरून आणलेला सोफा, त्यावर पांढरी चादर. पहिल्या रांगेत संस्थेचे 'सभासद' बसवलेले, नवे कोरे सदरे, आणि खांद्यावर नवे कोरे घण. दांड्यावरचा दुकानाचा कागदसुद्धा कुणी सोडवला नव्हता. आम्ही मागं, उन्हात. ओव्हरसियरसाहेबांनी सकाळीच बाबांना खुणेनं समजावलं होतं की भोकं भरून झालीत ती असू देत, सभा उरकली की बार उडवायचे, हाक येईपर्यंत थांबा. भरलेली भोकं सोडून जाता येत नाही, म्हणून बाबा वर डोंगरावर विडी ओढत बसले होते. हे मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट नेमक्या वेळी विसरणं हा माझा जुना हातखंडा आहे.

मंत्रीसाहेब आले. धिप्पाड माणूस, घामानं निथळत होते, पण चेहरा सोशिक. चेअरमनचं भाषण सुरू झालं. पहिल्या रांगेकडं हात करून तो म्हणाला, की साहेब, हेच ते माझे दगडफोडे, रात्रंदिवस ह्या डोंगराशी झुंजतात. पहिली रांग लाजली. मंत्र्यांनी खिशातून कागद काढला. तेवढ्यात माय मागून उठली आणि म्हणाली, "साहेब, एक बोलायचंय." चेअरमननं तिच्याकडं न बघताच हात हलवला. "ए बाई, खाली बस. सभा चालू हाय." माय बसली नाही, उलट चालत स्टेजपाशी आली. दोन पोलीस तिच्याकडं निघाले.

आता माझी वेळ होती. मी उठलो, रोजच्या सवयीनं जवळच्या उंच दगडावर चढलो. छाती भरून श्वास घेतला. 'सन्माननीय' गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. मंत्री बघताहेत, चेअरमन बघतोय, पोलीस थांबलेत. आणि त्या दगडावर उभं राहून माझं तोंड रोज जे म्हणायचं तेच म्हणून मोकळं झालं. "बार हाय रं बार!"

असा आवाज मी आयुष्यात पुन्हा काढला नाही.

उन्हातली आमची माणसं एका झटक्यात उठली आणि हत्तीखडकामागं गेली. विचार कुणीच केला नाही, पायांनीच नेलं. माय पण निघाली, पण खाणीवरचा कायदा असा की जवळ कोणी पाहुणा, परका असेल तर त्याला ओढून न्यायचं. तिच्या जवळचा पाहुणा म्हणजे मंत्रीसाहेब. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि शेळीच्या पिलासारखं ओढत नेलं. पोलीस साहेबांमागं धावले, म्हणून तेही वाचले. चेअरमन सोफ्यामागं शिरला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तोही धोतर सावरत खडकाकडं पळाला. आणि पहिली रांग? रात्रंदिवस डोंगराशी झुंजणारी ती रांग थेट खाणीच्या गाळ्यात शिरली आणि खांद्यावरचे घण तिथंच टाकले. सावली होती, गारवा होता, तीन बाजूंनी भिंत होती. त्यांना वाटलं, ह्याच्यासारखा आडोसा नाही.

मी दगडावर उभा राहून पोट धरून हसत होतो. हसता हसता वर नजर गेली. डोंगरावर निळा धूर. आणि बाबा शांतपणे, एक एक पाऊल टाकत आपल्या जागेकडं चालले होते. सुरुंगवाला कधी पळत नाही. हाक आली, त्यांनी वात लावली होती.

त्यानंतर मी जे पळालो, ते मुंग्यांच्या वेळी पळालो होतो त्याहून जोरात. गाळ्यात जाऊन ओरडलो, "अबे भाईर निघा बे! मरताल समदे!" चेअरमनचा भाचा बाळू, अंगानं रेड्यासारखा, छाती काढून म्हणाला, "तू कोन बे सांगणारा? पळ हितून. तुमच्यासंगं बसायचं काय आमी त्या खडकामागं?" मरण डोक्यावर जळत होतं आणि ह्याला शेजार निवडायचा होता. मी त्याच्या थोबाडीत दिली. चेअरमनच्या भाच्याच्या थोबाडीत. आमच्या वस्तीतल्या कुणी अशी दिली नव्हती. तो इतका थक्क झाला की हलला, आणि तो हलला म्हणून बाकीचे हलले. त्यांना कडेच्या एका कपारीत कोंबलं, शेवटी मी शिरलो, आणि डोंगर उडाला.

माझा डावा कान त्या दिवशी गेला. तक्रार नाही. दिल्लीत त्याचा फार उपयोग झाला. मोठ्या उद्योगपतींना मी नेहमी डाव्या हाताला बसवायचो.

धूळ खाली बसली. गाळा दगडांनी भरून गेला होता. मांडवाला वरून भोक पडलं होतं आणि सोफ्यावर, बरोबर मधोमध, भोपळ्याएवढा दगड बसला होता, जणू पुढचं भाषण त्याचं आहे. साहेब नेमके तिथंच बसले होते. म्हणजे ज्या संकटातून मी मंत्र्यांना वाचवलं, ते मीच आणलेलं होतं. पुढं सरकारात काम केल्यावर कळलं की ह्यात काही विशेष नाही.

तिकडं हत्तीखडकामागं खरी सभा चालू होती. साहेब उठायला लागले की माय त्यांचा दंड धरून खाली बसवायची. "मोकळं म्हनल्याबिगर उठता येत न्हाई, साहेब. कायदा हाय." पोलिसानं डोळे वटारले तर त्यालाही बसवलं. आणि मोकळं म्हणणारा मी, कपारीत, तोंडात धूळ, कानात शिटी, आवाज बंद. बाबा वर हात करून उभे, माझी वाट बघताहेत. तेवढ्या वेळात मायनं सगळं सांगितलं. काय काय सांगितलं ते ती दर वर्षी वेगळं सांगायची, पण एक वाक्य कधी बदललं नाही, आणि पुढं खुद्द साहेबांच्या तोंडूनही मी तेच ऐकलं.

"साहेब, तुमाला कोनाचं काय आइकायची गरज न्हाई. हाक आल्यावर कोन कुठं पळालं, तेवढं ध्यानात ठेवा."

शेजारी पाटलाची थोरली सून बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती पदराआडून म्हणाली, "खरं हाय." चेअरमन समोरच होता. ह्या दोन शब्दांची किंमत काय होती, ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल.

शेवटी मी कसाबसा 'मोकळं' असा आवाज काढला, तो म्हणे बेडकासारखा आला. साहेब बाहेर आले. गाळा बघितला, दगडांखालून डोकावणारे नव्या घणांचे दांडे बघितले, मग सोफा बघितला. पोलिसांनी मला धरून पुढं उभं केलं.

"तू ओरडलास?"

"होय साहेब."

"बार खरा होता?"

मी बाबांकडं बघितलं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळलं. ते म्हणाले, "हाक आली, वात लावली." एवढंच. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

"आणि भर सभेत हाक कशी आली?"

"साहेब, मी भाषण करायला उभा राह्यलो होतो."

साहेबांनी सोफ्यावरच्या दगडाकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "तुझं भाषण आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात परिणामकारक होतं." मंजुरीचा कागद त्यांनी घडी करून परत खिशात घातला आणि गाडीत बसले.

ह्यानंतर सगळं छान झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं बीड जिल्ह्यात एखादी संस्था नोंदवून बघावी. आमचे अर्ज हरवले, सापडले, पुन्हा हरवले. शेवटी डोंगराची मागची बाजू मिळाली, जिथला दगड कठीण आणि रस्ता नाही. चेअरमन मायला म्हणाला, "डोंगर घ्या. वाट माझ्या रानातून हाय." माय म्हणाली, "तुझी वाट तुला. आमी खडी फोडतो, वाट कराया कितीक येळ?" उन्हाळाभर सगळ्या वस्तीनं आपल्याच खडीनं डोंगराला वळसा घालून रस्ता केला. तो अजून आहे. सरकारी रस्ते तीनदा वाहून गेले.

लोक विचारतात, एवढी मोठी घोडचूक, शरम वाटत नाही? नाही वाटत. भाषण जसं पाठ केलं होतं तसं झालं असतं, तर साहेबांनी मान डोलावली असती आणि कागद चेअरमनला दिला असता. बाळूच्या थोबाडीचीही शरम वाटत नाही. बाळूलासुद्धा नाही वाटत. निवडणुकीत तो माझ्या व्यासपीठावर बसून तोच किस्सा सांगायचा.

आणि दिल्लीतून मी कसा गेलो, त्याबद्दल पेपरांत बरंच काही आलं. खरं एवढंच आहे. एका जंगलातल्या खाणीची फाइल आली, स्थानिक आदिवासी श्रमिकांची सहकारी संस्था म्हणून. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझीच राहिली होती. मी म्हटलं, पदाधिकाऱ्यांना भेटू. आले. इस्त्रीचे कपडे, बरोबर सल्लागार. मी चहा दिला आणि विचारलं, "सुरुंगाची हाक आली की तुम्ही कुठं पळता?" एक जण म्हणाला, नियमानुसार ठरलेल्या सुरक्षित ठिकाणी. मी विचारलं, ते कुठं आहे? त्यानं सल्लागाराकडं बघितलं. मला नवे कोरे घण दिसले, दांड्यावरच्या कागदासकट. मी फाइलवर मराठीत लिहिलं, 'ह्यांना कुठं पळायचं ते माहीत नाही,' आणि परत पाठवली. वरून निरोप आला, सही करा. मी म्हटलं, माझा डावा कान गेलेला आहे. पुन्हा निरोप आला. मी म्हटलं, उजवाही जातोय. पुढच्या फेरबदलात खातं गेलं.

गावी आलो तेव्हा माय नव्हती, बाबाही नव्हते. डोंगराची पाठ अर्धी संपली आहे. संस्थेची अध्यक्ष आता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आहे, मायचंच तोंड घेऊन आलेली. मी खाणीवर गेलो तर ती म्हणाली, "मामा, सही ऱ्हाऊ द्या, घसा हाय का जाग्यावर? भोंगा बिघडलाय. द्या हाक." मी म्हटलं, अगं मी माजी केंद्रीय मंत्री आहे. ती म्हणाली, "म्हनून तर. काम न्हाई न्हवं दुसरं."

मी तिथल्या उंच दगडावर चढलो. चढताना दोनदा घसरलो. छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली. माणसं उठली, हातातलं टाकलं आणि आडोशाच्या खडकामागं गेली. बिहारातून आलेली नवी पोरंही त्यांच्यामागं गेली, पाटलाचा नातू गेला, बाळूचा मुलगा गेला. कोण कुठं पळतंय ते मी नीट बघून घेतलं. इथल्या खाणीचा गाळा रिकामा होता. मग मीही त्यांच्यात जाऊन बसलो, पाठीला पाठ लावून.